लिंका आहेत, पण वाट सापडत नाही

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. गेली तीन वर्षं त्या ठाणे खाडी आणि तिच्या काठच्या गावांबद्दल ऑब्सिडियनमध्ये, म्हणजे एकमेकींना लिंकने जोडता येणाऱ्या नोंदींच्या ॲपमध्ये, नोंदी ठेवताहेत. अकराशेच्या वर नोंदी झाल्या आहेत आणि लिंकाही भरपूर आहेत. पण एका लिंकवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जाता जाता पाचव्या नोंदीला पोचेपर्यंत आपण कशासाठी निघालो होतो तेच विसरायला होतं. नोंदी आणि लिंकांची आकृती दाखवणारा ग्राफ उघडला की नुसतं गुंतलेलं जाळं दिसतं. ‘ठाणे’ या एकट्या नोंदीला दोनशेहून जास्त नोंदी येऊन मिळतात. दुसरं ॲप घ्यावं का, असंही त्यांनी विचारलंय.

मी नौपाड्यात राहते आणि महाप्याला यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम बावीस वर्षं करते आहे. यंत्र बंद पडलेलं असताना पुस्तिका उघडणाऱ्या माणसाला ‘पान अमुक पाहा’ हे कुठे सांगायचं आणि कुठे नाही, यावर त्याचा सगळा वेळ अवलंबून असतो. त्याच सवयीने माझ्या स्वतःच्या नोंदी चौदा वर्षं चालू आहेत. आधी त्या एका साध्या डेस्कटॉप विकीत होत्या, २०२० पासून ऑब्सिडियनमध्ये आहेत.

ताई, तुमची अडचण क्लिक करताना होत नाही. ती लिंक टाकताना झालेली आहे. कुठे जायचं ते तुम्ही लिहिलंत, पण का जायचं ते लिहिलं नाहीत.

तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेली ‘मीठ बंदर’ ही नोंद घ्या. मजकूर चांगला आहे आणि शेवटी ही ओळ आहे (दुहेरी चौकटी कंसातलं नाव म्हणजे त्या नावाच्या नोंदीची लिंक):

पाहा: [[मिठागरे]], [[चेंदणी कोळीवाडा]], [[ठाणे स्टेशन]], [[खाडी]], [[ठाणे]]

तुम्ही ही ओळ लिहिलीत तेव्हा त्या पाचही नावांमागे काहीतरी विचार होता. तो तुमच्या डोक्यात राहिला, नोंदीत उतरला नाही. सहा महिन्यांनी त्या ओळीवर आलात की पाच सारखी दारं दिसतात आणि कोणत्या दारामागे काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. मग तुम्ही पाचही उघडता आणि प्रत्येकाच्या आत आणखी पाच असतात. वाट हरवते ती इथे.

तीच ओळ अशी लिहून पाहा:

मीठ बंदर रोड हे नाव ठाणे पूर्वेला अजून शिल्लक आहे. बंदराला ज्या मालावरून नाव पडलं तो कुठे पिकायचा, ते [[मिठागरे]] मध्ये. बंदराजवळची जुनी वस्ती म्हणजे [[चेंदणी कोळीवाडा]], पण आज ती रुळांच्या दोन्ही बाजूंना दिसते, कारण [[१८५३ ची रेल्वे]].

पाचाच्या तीन लिंका झाल्या. ‘खाडी’ आणि ‘ठाणे’ गळले, कारण त्यांच्याबद्दल इथे सांगण्यासारखं वाक्यच तयार होत नव्हतं. ‘ठाणे स्टेशन’च्या जागी नेमकी नोंद आली. मी स्वतःला एकच अट घातली आहे: लिंकच्या आसपास ‘कारण’, ‘पण’, ‘त्याआधी’, ‘याच्या उलट’, ‘उदाहरणार्थ’ यांपैकी एखादा शब्द किंवा त्या अर्थाचं वाक्य बसलं पाहिजे. बसत नसेल तर तो शब्द साधाच राहू द्यायचा. साधा शब्द हरवत नाही, शोधात तो सापडतोच. लिंक ही त्याहून मोठी गोष्ट आहे. ती टाकली म्हणजे ‘इथून तिथे जाण्यात अर्थ आहे’ असं तुम्ही पुढच्या वेळच्या स्वतःला सांगता.

याचा मोठा फायदा दुसऱ्या टोकाला दिसतो. ‘मिठागरे’ उघडून बाजूचं बॅकलिंकचं, म्हणजे इतर नोंदींतून या नोंदीकडे येणाऱ्या लिंकांचं, पॅनल पाहा. तिथे नुसती नोंदींची नावं येत नाहीत, ज्या ओळीत लिंक आहे ती ओळही येते. ‘पाहा’ची यादी असेल तर तिथे यादीच दिसते आणि अशा चाळीस याद्या वाचून हाती काही लागत नाही. वाक्य असेल तर कोणत्या नोंदीने मिठागरांना कोणत्या कारणासाठी हाक मारली, ते एकही नोंद न उघडता वाचता येतं. ओळ अपुरी वाटली तर त्याच पॅनलवर जास्त संदर्भ दाखवायचं बटण आहे, ते चालू ठेवा. चांगल्या वाक्यात टाकलेल्या लिंका असल्या की बॅकलिंकचं पॅनल म्हणजे त्या विषयावरचा तुमचा आपोआप तयार झालेला मसुदा असतो. मला स्वतःला या पद्धतीवर पूर्ण भरवसा याच एका गोष्टीने बसला.

आता ‘ठाणे’ आणि तिच्या दोनशे बॅकलिंका. ठाण्यात पत्ता सांगताना आपण ‘ठाणे’ सांगतो का? तीन हात नाका सांगतो, कापूरबावडी सांगतो, माजिवडा सांगतो. शहराच्या नावाने कोणी कुठे पोचत नाही, नाक्याच्या नावाने पोचतं. नोंदींचंही तसंच करा.

आधी ‘ठाणे’ची फोड करा, कारण तुमच्या नोंदींत हा एकच शब्द निदान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी आला असणार. एक शहर. दुसरा किल्ला, म्हणजे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेलेला आणि आज कारागृह असलेला. तिसरं स्टेशन. चौथा जिल्हा, आणि इथे फार जपायला हवं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याआधीच्या कुठल्याही कागदातल्या ‘ठाणे जिल्ह्यात’ वसई आणि डहाणूही येतात. १८८२ च्या गॅझेटियरमधल्या ठाणा जिल्ह्यात तर साष्टी येते, म्हणजे वांद्र्यापर्यंतचा भाग. हे सगळं एका नोंदीत ओतलं की त्या नोंदीकडे जाणारी लिंक काहीच सांगत नाही. ‘ठाणे किल्ला’, ‘ठाणे जिल्हा, २०१४ पूर्वी’ अशी नावं द्या.

नवी मुंबईत हीच अडचण उलट बाजूने येते. सेक्टर १७ वाशीत आहे, तसा इतर नोडमध्येही, म्हणजे नवी मुंबईच्या इतर उपनगरांतही, आहे. दोन फोल्डरांत ‘सेक्टर १७’ नावाच्या दोन फाइली असल्या तर ऑब्सिडियन लिंकमध्ये फोल्डरचा पत्ता घालून वेळ निभावून नेतं, पण वाचताना तुमचा गोंधळ उडतोच. नावातच ‘वाशी सेक्टर १७’ लिहा. नावात तिरकी रेघ मात्र नको, ती फोल्डरची खूण धरली जाते. हॅश, उभी रेघ आणि चौकटी कंसही टाळा, कारण लिंकच्या व्याकरणात त्यांना स्वतःची कामं आहेत.

आणि मग नाके बांधा. मी त्यांना ‘नाका-नोंद’च म्हणते आणि फाइलच्या नावाची सुरुवातही ‘नाका’ शब्दाने करते. तुमच्या विषयात ‘नाका – मीठ’, ‘नाका – खाडीवरचे पूल’, ‘नाका – सिडकोसाठी गेलेल्या जमिनी’ असे आठ-दहा पुरतील. प्रत्येकात दहा-पंधरा ओळी, त्याही वाक्यांच्या. नाक्यावर विषयातली प्रत्येक नोंद येत नाही, फक्त जिथून आत शिरता येतं त्या येतात. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे ९०,००० हस्तलिखित चिठ्ठ्या लाकडी खणांत जपल्या होत्या. त्याच्या शब्दसूचीत एकेका शब्दापुढे अगदी मोजके क्रमांक असत. सगळ्या चिठ्ठ्यांची यादी करण्याचा त्याने प्रयत्नच केला नाही. एकदा आत शिरलं की पुढचं काम चिठ्ठीवर लिहिलेले दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक करत. तुमच्या नाक्यांनीही एवढंच करायचं आहे.

प्रत्यक्ष फिरताना हरवू नये म्हणून चार सवयी पुरतात आणि त्या दोन दिवसांत हाताला बसतात. ज्या नोंदीपासून निघालात तिची टॅब पिन करा. पिन केलेल्या टॅबमधली लिंक दाबली की ती नव्या टॅबमध्ये उघडते, मूळ नोंद जागची हलत नाही. पिन नसेल तेव्हा कंट्रोल धरून क्लिक करा, तेही नव्या टॅबमध्येच जातं. नोंद उघडण्याआधी डोकावायचं असेल तर कंट्रोल धरून लिंकवर माउस नुसता थांबवा, छोट्या खिडकीत मजकूर दिसतो, आणि बहुतेक वेळा तेवढं पाहून परत फिरता येतं. मागे यायला विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि डावा बाण. प्रत्येक टॅबला तिचा स्वतःचा इतिहास असतो, त्यामुळे एका प्रश्नाचा माग एकाच टॅबमध्ये ठेवलात तर डावा बाण दाबत तुम्ही नेमक्या निघाल्या जागी परत येता. पाचव्या नोंदीला भान सुटतं असं तुम्ही म्हणालात, त्यावर तात्काळ उपाय म्हणजे ही पिन.

यापुढचा भाग मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ही ॲपं समजावून सांगणारे इंग्रजी नोंदी डोळ्यांसमोर ठेवून सांगतात आणि मराठीची अडचण त्यांना भेटतच नाही. आपले शब्द वाक्यात शिरले की रूप बदलतात. ठाणे, पण ठाण्यात. कळवा, पण कळव्याला. तुर्भे, पण तुर्भ्याहून. बेलापूरचा दीर्घ ऊकार ‘बेलापुरात’ ऱ्हस्व होतो, पुलाचं आणि रुळाचंही तेच. ‘न जोडलेले उल्लेख’ दाखवणारी जी सोय बॅकलिंकच्या खाली असते, ती नोंदीचं नाव जसंच्या तसं शोधते. ‘ठाणे’ शोधताना तिला ‘ठाण्यात’ सापडत नाही. म्हणजे तुमच्या लिखाणातला बराच मोठा भाग त्या यादीबाहेरच राहतो आणि तुम्हाला वाटतं की या गावाबद्दल आपण फारसं लिहिलेलंच नाही.

याला दोन बाजूंनी उपाय आहेत. लिहिताना लिंक मूळ नावाला द्या आणि दिसायला वाक्यातलं रूप ठेवा: [[तुर्भे|तुर्भ्याहून]]. उभ्या रेघेच्या डावीकडचं ॲपसाठी, उजवीकडचं वाचणाऱ्यासाठी. ‘[[तुर्भे]]हून’ असं करू नका. व्याकरण मोडतं, आणि आपल्याच नोंदी वाचवेनाशा झाल्या की आपण त्या वाचायच्या सोडून देतो. दर वेळी हे टंकायचा कंटाळा येणार, म्हणून नोंदीच्या माथ्यावरच्या गुणधर्मांत उपनावांचा रकाना असतो, तो वापरा. ‘ठाणे शहर’ या नोंदीत ठाण्यात, ठाण्याचा, ठाण्याला ही तीन रूपं घाला. जोडीला ‘ठाणा’ आणि शिलाहारांच्या काळचं ‘श्रीस्थानक’ही घाला. मग दोन चौकटी कंस उघडून ‘ठाण्या’ टंकलंत की सूचनेत ते रूप येतं आणि निवडलं की ॲप उभ्या रेघेसकट लिंक स्वतः लिहितं. सगळी रूपं भरायच्या फंदात पडू नका, तुमच्या लिखाणात नेहमी येणारी दोन-तीन पुरे.

शोधताना उपाय याहून सोपा आहे. जिथे रूप बदलतं त्याच्या एक अक्षर आधी थांबा. ‘ठाणे’ऐवजी ‘ठाण’, ‘बेलापूर’ऐवजी ‘बेलाप’, ‘कळवा’ऐवजी ‘कळव’. शोध अर्धवट शब्दही धरतो, त्यामुळे मूळ शब्द आणि सामान्यरूप दोन्ही येतात. दोन शब्द टाकलेत तर दोन्ही असलेल्या नोंदी मिळतात. ‘मिठाग’ आणि ‘कोळीवाड’ असं शोधलंत की मिठागरं आणि कोळीवाडे यांच्यामधला, अजून तुम्ही लिंकने न जोडलेला दुवा समोर येऊन उभा राहतो. माझ्या कितीतरी चांगल्या लिंका अशा दोन शब्दांच्या शोधातून आलेल्या आहेत.

मराठीतला आणखी एक सापळा डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावरची गावे’ हे नाव संगणकात दोन प्रकारे लिहिलं जाऊ शकतं. एका कळफलकावर ते ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून तयार होतं, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्यापासून. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, पण ॲपसाठी ती दोन वेगळी नावं आहेत. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी आपण ‘अ’वर चंद्र देऊन काम चालवत होतो आणि काही कळफलक अजूनही तसंच करतात. फोनवर एक कळफलक आणि लॅपटॉपवर दुसरा असेल, तर एकाच विषयाची निम्मी वाक्यं एका नोंदीला आणि निम्मी दुसऱ्या रिकाम्या नोंदीला जाऊन चिकटतात. एखादी ओळखीची लिंक फिकट रंगात दिसली, म्हणजे अशी नोंदच नाही असं ॲप सांगत असेल, तर हे पहिलं तपासा. मी दोन्ही यंत्रांवर एकाच पद्धतीचा कळफलक ठेवला आणि नावांत शक्य तिथे ही अक्षरं टाळली: ‘किनाऱ्यावरची गावे’ऐवजी ‘खाडीकाठची गावे’. शुद्धलेखनाचंही ठरवून टाका. ‘मासुंदा’ की ‘मसुंदा’, एक नाव धरा आणि दुसरं उपनावांत घाला.

इन्स्क्रिप्ट या कळफलकावर टंकत असाल तर चौकटी कंसाच्या कळीवर ‘ड’ असतो, त्यामुळे प्रत्येक लिंकसाठी भाषा बदलावी लागते. या कटकटीपायी माणसं लिंक टाकायचीच सोडतात. सेटिंगमध्ये अंतर्गत लिंक घालण्याच्या आज्ञेला एखादं बटणांचं जोड देऊन टाका. फोनवर हे बटण कळफलकाच्या वरच्या पट्टीत आधीच असतं.

ग्राफबद्दल थोडक्यात सांगते. अकराशे नोंदींचा पूर्ण ग्राफ पाहायला सुंदर असतो, वाट शोधायला त्याचा उपयोग नाही. उघड्या नोंदीपुरता स्थानिक ग्राफ मात्र मी रोज वापरते. त्याची खोली, म्हणजे किती टप्प्यांपर्यंतच्या नोंदी दाखवायच्या तो आकडा, एक ठेवली तर थेट शेजारी दिसतात, दोन केली की शेजाऱ्यांचे शेजारी. दोनवर आकृतीत दोन पुंजके दिसले आणि त्यांच्यामध्ये एकच नोंद असली, तर ती नोंद नाका होण्याच्या लायकीची आहे.

आता वाट जतन करण्याबद्दल. १९४५ च्या जुलैत अमेरिकी अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी अटलांटिक मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या कल्पनेतल्या यंत्राचं वर्णन केलं होतं: एक टेबल, आत मायक्रोफिल्मवर सगळी पुस्तकं आणि कागद, आणि कुठलेही दोन कागद एकमेकांना बांधण्याची सोय. या लेखाचा उल्लेख झाला की दोन कागद बांधण्याचंच कौतुक होतं. मला त्यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. त्यांच्या उदाहरणातला माणूस धर्मयुद्धांच्या काळातलं तुर्की आखूड धनुष्य इंग्रजी लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं हे शोधतो. शोधताना ज्या ज्या कागदांवरून गेला ती सगळी वाट तो नाव देऊन ठेवतो आणि कित्येक वर्षांनी एका मित्राला तीच वाट आखून देतो. दोन नोंदींमधली लिंक आपली ॲपं छान सांभाळतात. अख्खी वाट आपल्यालाच लिहावी लागते.

म्हणून एखाद्या प्रश्नामागे अर्धा तास फिरलात आणि काही हाती लागलं, तर उठण्याआधी एक ‘वाट-नोंद’ लिहा. नावात प्रश्नच घाला, उदाहरणार्थ ‘वाट – रेल्वेने खाडी कशी ओलांडली’. आत क्रमाने: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यालाच का थांबली, तर [[१८५३ ची रेल्वे]], १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत जायचं तर आधी पाणी ओलांडावं लागलं, ते [[खाडीवरचा रेल्वे पूल]], पुढे डोंगर, त्याचं १९१६ चं उत्तर [[पारसिक बोगदा]]. एवढंच. मधे जिथे शंका राहिली तिथे ती शंकाही लिहा, कारण परत याल तेव्हा त्याच ठिकाणाहून पुढे जायचं असतं. माझ्याकडे अशा साठेक वाटा आहेत, आणि जुन्या विषयाकडे परतताना मी नाक्याच्याही आधी वाट-नोंद उघडते.

एक सावधगिरी. नोंदीचं नाव बदलायचं तर ते ॲपच्या आतूनच बदला आणि लिंका आपोआप सुधारण्याचं सेटिंग चालू आहे ना ते आधी पाहा. मी एकदा फोनच्या फाइल मॅनेजरमधून वीस-पंचवीस फाइलींची नावं बदलली होती. ऑब्सिडियनला त्याचा पत्ताच नव्हता आणि त्या नावांकडे येणाऱ्या सगळ्या लिंका रिकाम्या पडल्या. दुरुस्तीला दोन रविवार गेले.

दुसरं ॲप घेऊ नका. तुमच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइली आहेत, एका फोल्डरात तुमच्याच लॅपटॉपवर, आणि उद्या हे ॲप नसलं तरी त्या उघडतील. ‘पाहा’ची यादी इथून उचलून दुसरीकडे नेली तरी ती यादीच राहील. अकराशे नोंदी एकदम दुरुस्त करायलाही बसू नका. कामानिमित्त जी नोंद उघडाल तेवढीच सुधारा, तिच्या शेवटची यादी वाक्यांत उतरवा. सुरुवात ‘ठाणे’च्या फोडीपासून करा: आधी फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा, मग किल्ल्याच्या बॅकलिंका वेगळ्या करा. त्या सगळ्यांत कमी असतील आणि एका बैठकीत संपतील. जिल्ह्याच्या लिंका सावकाश घ्या, कारण तिथे प्रत्येक ठिकाणी मूळ कागद कोणत्या सालचा आहे ते पाहावं लागेल.